खर्जबाई आणि गुरगुरणारी गिटार

काय हो, दिवसभर इस्त्रीचा प्रेस दाबणाऱ्या बाईनं संध्याकाळी बेस गिटार गळ्यात अडकवली, तर तुमच्या पोटात नक्की कुठे दुखतं? विचारायचं कारण, बऱ्याच जणांच्या दुखतं. ‘या वयात?’ म्हणतात. ‘घरचं आवरून, की तसंच टाकून?’ असंही म्हणतात. पुरुष माणूस पत्ते कुटत बसला तर त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, घरचं आवरलंस का म्हणून. असो. सुरुवातीलाच डोकं तापवायला नको. पुढे तापणारच आहे.

तिला सगळे खर्जबाई म्हणायचे. एका मोठ्या लाँड्रीत ती कामाला होती. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या, धुऊन-पिळून शेवटी प्रेसवर पोचायच्या. प्रेस म्हणजे खाली गादी, वर तापलेलं लोखंडी झाकण. दांडा ओढला की झाकण खाली आणि वाफ बाईच्या तोंडावर. त्या वाफेत तिची उमेदीची वर्षं गेली, केस पिकले, आणि चेहरा मात्र सुरकुतीशिवाय राहिला. ‘मला रोज कडक इस्त्री असते,’ असं ती म्हणायची.

तिचा आवाज खाली होता. पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. शाळेत गाण्याच्या तासाला बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, ‘तू नुसते ओठ हलव हं बाळ.’ बाळानं पुढची कित्येक वर्षं ओठ हलवले. शाळेत हलवले, लग्न झाल्यावर सासरच्या बैठकीतही हलवले.

मग लाँड्रीत कामगारांची संघटना उभी राहिली आणि संघटनेबरोबर गाणारं पथकही आलं. पथकाचा म्होरक्या बॉयलरवर काम करायचा. गाणी तोच लिहायचा, चाली तोच लावायचा, आणि गायचाही तोच, कारण त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचं ऐकूच यायचं नाही. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. लाँड्रीचा खरा भोंगा बंद पडला तरी पाळी सुटल्याचं चार गल्ल्यांना कळेल, असा गळा. या भोंग्यानं एका सभेत तिला बोलताना ऐकलं आणि सभा संपल्यावर तो धावत तिच्यामागे गेला.

“बाई, हा आवाज नाही, हा खर्ज आहे! गाण्याचं जोतं आहे जोतं! याच्यावर इमारत उभी करता येईल.”

इमारत काही उभी राहिली नाही. ती गायला लागली की गाणं खचायचं. पण ‘खर्जबाई’ हे नाव चिकटलं. आणि मग एकदा एका कार्यक्रमात एका माणसाच्या गळ्यात तिनं बेस गिटार पाहिली. लांब मानेची, चार जाड तारांची. कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येणारी. आपलाच आवाज कुणीतरी लाकडात कोंडून ठेवलाय आणि तो माणूस बोटांनी बाहेर काढतोय, असं तिला वाटलं. तो माणूस वाद्यं सोडून विम्याच्या धंद्यात निघाला होता. त्याच्याकडूनच तिनं ती गिटार जुनी म्हणून घेतली, आणि फोनवर गाणी लावून, कान देऊन, बोटं सोलून घेत, कुणालाही गुरू न करता शिकली.

नवरा बिचारा भला माणूस. तो एवढंच म्हणाला, “हे वाजतं कुठे गं? मला तर फक्त मांडणीवरची ताटं थरथरताना दिसतात.”

“मग ताटंच ऐक,” ती म्हणाली.

पथकात तिला जागा मिळाली. मागची नव्हे, भोंग्याच्या शेजारची. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी रामकहाणी त्या जागेसाठी आहे.

संघटनेचा वार्षिक मेळावा रविवारी लाँड्रीच्या कँटीनमध्ये होता. तोवर तिची गिटार एका चिमुकल्या, बॅटरीवरच्या स्पीकरला जोडलेली असायची. मेळाव्यात तो कुणाला ऐकू जाणार? म्हणून तिनं आपल्या मामेभावाच्या दुकानातून मोठा, विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर आणला. गुडघ्याएवढा काळा खोका. त्याआधीच्या सोमवारी पाळी सुटल्यावर कँटीनमागच्या खोलीत तालमीला सगळे जमले. तिनं खोक्याचा तीन पिनांचा प्लग भिंतीत खोचला, बटण दाबलं, आणि खोका गुरगुरायला लागला.

गुर्रर्रर्र. एकसुरी, जाडसर, न थांबणारं. तिनं घाबरून तारांवर हात ठेवला. एकदम गप्प. हात काढला. गुर्रर्रर्र.

पथकात तिची नणंद होती. घडीच्या टेबलावर कामाला, आणि किबोर्ड वाजवायची. ती खुदकन हसली. “वहिनी, ही तर अगदी दादावर गेलीय. हात फिरवला की गप्प, काढला की सुरू.”

“तुझा दादा गुरगुरत नाही, घोरतो. त्याला सूर तरी असतो.”

सगळे हसले, भोंगा सोडून. त्याच्या नव्या गाण्यात दोन ओळींच्या मधे एक शांतता होती आणि त्या शांततेवर त्याचा फार जीव होता. “त्या जागी लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे,” तो कडाडला. “आणि तिथे हे गुर्र आलं तर लोक खुर्चीखाली कुत्रं शोधतील! बाई, रविवारपर्यंत हे बंद करा. नाही झालं तर खालचे सूर किबोर्डवर. डाव्या हातानं.”

खोलीतल्या सगळ्या माना नणंदेकडे वळल्या.

“मी काही मागितलं नाही हं, वहिनी,” नणंद पुटपुटली.

“पण सराव करून ठेवलायस.”

“थोडासाच.”

खर्जबाईनं प्लग काढून वायर गुंडाळली. घरी जाताना मात्र तिच्या कानात शाळेतल्या बाई बोलत होत्या. तू नुसते ओठ हलव हं बाळ.

आता प्रेसवरच्या बायकांची एक रीत असते, ती कुठल्या पुस्तकात नाही. यंत्र अडलं की पाच ठिकाणी हात घालायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. गादी बदल, बघ. वाफेची नळी बदल, बघ. सगळं एकदम बदललं आणि यंत्र चाललं, तर कशानं चाललं ते देवालाही सांगता येत नाही. खर्जबाईनं गिटारीला तोच कायदा लावला. दुसऱ्या दिवशी तिनं गिटारीपासून खोक्यापर्यंतची वायर बदलली. गुर्र. वायर निर्दोष सुटली. गिटारीवरचं आवाजाचं बटण शून्यावर नेलं. गुर्र जरा दबली, पण गेली नाही. म्हणजे सगळा दोष गिटारीच्या पोटात नव्हता. ट्यूबलाइट बंद केली, अंधारात बसून पाहिलं. गुर्र अंधारातही तेवढीच, फक्त भीती जास्त. सगळ्यांचे फोन बाहेरच्या बाकावर ठेवायला लावले. फोन परत घेताना भोंग्याचा फोन सापडेना, त्यात अर्धा तास गेला. गुर्र मात्र जागच्या जागी.

शेवटी गिटार पाठीला, खोका रिक्षात, आणि वरात मामेभावाच्या दुकानात. हा रेडिओ, मिक्सर, स्पीकर दुरुस्त करायचा. उभ्या आयुष्यात विजेचे एवढे धक्के खाल्लेले की नातेवाइकांत नाव पडलं झटक्या. त्याला त्या नावाचा अभिमान होता.

झटक्यानं प्लग लावला, बटण दाबलं. शांत. मुंगी चालल्याचं ऐकू यावं इतकं शांत.

“ताई,” तो फार मायेनं म्हणाला, “झोप नीट लागते ना तुला?”

“अरे, आत्तापर्यंत गुरगुरत होता!”

“होतं असं. पोराला दवाखान्यात नेलं की ताप उतरतो.” तरी त्यानं गिटारीचं पोट उघडलं. आतल्या एका तारेचा कथलाचा जोड हलला होता, त्यानं तापल्या सोल्डरिंग आयर्ननं कथील वितळवून तो पुन्हा जोडला. “घे. आता मांजरासारखी गप्प राहील.”

बुधवारी कँटीनमागच्या खोलीत मांजरानं पुन्हा वाघाचा आवाज काढला. भोंग्यानं नुसतं नणंदेकडे बघून डाव्या हाताची बोटं हलवून दाखवली. खर्जबाईचं टाळकं सरकलं. पण राग आला की तिचं डोकं जास्त चालायचं, हा तिचा गुण. तिनं बोटांवर हिशेब केला. गिटार तीच, वायर तीच, खोका तोच, आणि वाजवणारी बाईही तीच. दुकानात गप्प, इथे गुर्र. मग बदललं काय? फक्त जागा. आपण तीन दिवस गिटारीला पोलिसी खाक्या दाखवतोय आणि चोर भिंतीत बसलाय!

तिनं झटक्याला फोन केला. “शुक्रवारी पाळी सुटल्यावर ये. गिटार बघायला नाही, खोली बघायला.”

शुक्रवारी तो आला तेव्हा ती नुकतीच प्रेसवरून उठली होती, हात अजून ओलसर होते. तिनं खोका लावला, तारांवर बोटं टेकली, आणि सहज म्हणाली, “इथे वाजवताना जरा मुंग्या येतात, एवढंच. प्रेसवर येतात तशा.”

झटक्याचा चेहरा एकदम उतरला. “हात काढ.”

“अरे, वाजवून तर—”

“हात काढ म्हणतो ना ताई!”

तिनं काढला. त्यानं खिशातून टेस्टर काढला, पेनासारखा दिसणारा, आणि त्याचं टोक गिटारीच्या तारेला लावलं. टेस्टरच्या पोटातला दिवा तांबडा पेटला. वाद्याच्या तारेत वीज! मग त्यानं खोलीची वीज बंद केली, भिंतीतला प्लगचा बोर्ड उघडला, आत डोकावला आणि मान हलवत म्हणाला, “इथे अर्थच नाही.”

“कशाला अर्थ नाही?” भोंगा उसळला. “माझ्या गाण्याला?”

“तुमच्या गाण्याचं तुम्ही बघा. मी अर्थिंगचं बोलतोय. हे बघा, तीन भोकं आहेत ना? दोनांत तारा आहेत. वरचं हे मोठं भोक नुसतं शोभेचं. मागे तारच नाही.”

मग त्यानं समजावलं. यंत्रातून थोडी वीज नेहमीच झिरपते. तिला जमिनीत जायला वाट हवी, म्हणून ते तिसरं भोक. वाट नसली की ती वीज यंत्राच्या लोखंडावर बसून राहते. खोक्यावर बसली की तिथून वायरीतून गिटारीच्या तारांवर.

“आणि मी हात लावला की गुरगुर थांबायची ती?”

“विजेला वाट मिळायची म्हणून,” झटक्या म्हणाला. “तुझ्यातून.”

खर्जबाई आपल्या बोटांकडे बघत राहिली. आणि तिला मुंग्यांची पावडर आठवली.

ही पावडरीची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझं जेवण पचायचं नाही. प्रेसवर ओला हात लोखंडाला टेकला की बारीक झिणझिण व्हायची. बायका त्याला मुंग्या म्हणायच्या. ‘आज तिसऱ्या प्रेसला जास्त मुंग्या आहेत गं.’ ‘माझ्या प्रेसच्या मुंग्या आज झोपल्यात.’ इतकं अंगवळणी पडलं होतं. मागे एकदा त्यांनी मुकादमाकरवी ऑफिसात निरोप धाडला, की प्रेसला मुंग्या आहेत, काहीतरी करा. साहेबांनी तत्परता दाखवली. दुसऱ्याच दिवशी एक माणूस आला आणि प्रत्येक प्रेसच्या पायाभोवती पांढऱ्या पावडरीच्या रेघा मारून गेला. मुंग्या मारायची पावडर! बायका हसून हसून लोळल्या. मुंग्या काही गेल्या नाहीत, एक झुरळ तेवढं वारलं. आणि हसण्यावारी गेलेली गोष्ट हसण्यावारीच राहिली.

“चल माझ्याबरोबर,” ती झटक्याला म्हणाली.

प्रेसच्या शेडमध्ये दुसरी पाळी चालू होती. फरशी ओली, बायकांचे हात ओले. झटक्यानं पहिल्या प्रेसला टेस्टर टेकवला. दिवा पेटला. दुसऱ्या प्रेसला पेटला. पुढच्या सगळ्यांना पेटला. तो खर्जबाईजवळ परत आला.

“आज नुसती झिणझिण आहे ताई. उद्या एखादी तार आतून लोखंडाला टेकली, की झिणझिण नाही. सरळ आडवं.”

भोंगा मागोमाग आलाच होता. तो वाईट माणूस नव्हता, पण मेळावा त्याच्या डोक्यात बसला होता. “रविवार होऊ दे, बाई. सोमवारी मी स्वतः साहेबांना निवेदन देतो, सही-शिक्क्यासकट. आत्ता बोंब मारली तर ते कँटीनलाच कुलूप लावतील.”

आणि झटक्यानं प्रेमापोटी दुसरी वाट दाखवली. “ताई, तुझ्यापुरतं मी करतो की. दुकानातली मोठी बॅटरी आणतो, खोका तिच्यावर चालवतो. भिंतीशी संबंधच नको. गुरगुर गेली, तुझी जागाही राहिली.”

खर्जबाईला मोह झाला नाही असं नाही. रविवार परवावर आला होता. तिला हवं ते फुकटात समोर आलं होतं, आणि कुणाशी भांडायचंही नव्हतं. तिनं शेडमधल्या बायकांच्या ओल्या हातांकडे पाहिलं.

“माझी गुरगुर जाईल रे,” मग ती म्हणाली. “यांच्या मुंग्या?”

ती चालत शेडच्या टोकाला गेली आणि प्रेसच्या लाइनचं मोठं बटण तिनं खाली ओढलं. सगळी झाकणं वरच्या वर थांबली. वाफेची फुसफुस विरली. बायका वळून बघायला लागल्या. आणि त्या पिंपातल्या आवाजात, न ओरडता, तिनं शेडभर ऐकू जाईल असं सांगितलं, “कुणी प्रेसला हात लावू नका. मुंग्या म्हणजे करंट आहे.”

साहेब धावत आले. चादरींची गाडी भरायची होती. काय झालं ते त्यांनी मुकादमाकडून अर्धवट ऐकलं होतं.

“तुम्हाला गिटार वाजवायचीय म्हणून मी भिंती खोदायच्या?”

“साहेब, तुम्ही मागे मुंग्यांची पावडर पाठवली होती.”

“हो. मग? गेल्या ना मुंग्या?”

मागून कुणीतरी पदरात तोंड दाबून हसलं. खर्जबाईनं झटक्याला खूण केली आणि स्वतः प्रेसचं बटण पुन्हा चालू केलं. “या, तुम्हाला मुंगी दाखवते. हा टेस्टर घ्या. तुमच्याच हातानं टेकवा.”

साहेबांनी टेकवला. दिवा पेटला. त्यांनी टेस्टर उलटसुलट करून पाहिला. “हा बिघडलेला असेल.”

“असेल. मग हात लावून बघा.”

साहेबांनी हात खिशात घातला.

त्यानंतर कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रेस बंद, बायका शेडच्या बाहेर कट्ट्यावर, आणि आत ओल्या चादरींचा ढीग चढत चालला. माणूस बोलला तर ऐकायला ऑफिसला वर्ष लागतं, चादरी बोलल्या की लगेच ऐकू येतं. साहेबांनी इलेक्ट्रिकचा ठेकेदार बोलावला. शनिवारी सकाळी मागच्या आवारात माणसं खड्डा खणत होती. त्यात तांब्याचा पत्रा उभा केला, कोळसा आणि मीठ ओतलं, आणि तिथून हिरवी तार निघाली ती प्रत्येक प्रेसपर्यंत आणि कँटीनच्या बोर्डापर्यंत. झटक्या तिथे ठाण मांडून बसला होता आणि ठेकेदाराच्या माणसांना इतका छळत होता, की त्यांनी शेवटी त्यालाच पकड दिली. संध्याकाळी त्यानं प्रेसमागून प्रेस टेस्टर टेकवला. कुठेच दिवा पेटला नाही. एका म्हाताऱ्या प्रेसवालीनं हात लोखंडावर ठेवला, तसाच ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “मेल्या गं मेल्या सगळ्या.”

रविवारी कँटीन गच्च भरलं. खर्जबाई भोंग्याच्या शेजारी उभी राहिली. आपल्या जागी. खोक्याचा प्लग लावला, बटण दाबलं. गुर्र गेली होती. पण पूर्ण शांत? नाही. एक बारीकशी चिर्रर्र राहिलीच होती, कानाशी डास असावा तशी. भोंग्यानं डोळे वटारले. नणंदेचा डावा हात किबोर्डवर आपोआप सरकला, मग तिनं तो स्वतःच मागे घेतला.

झटक्या पहिल्या रांगेतून हातवारे करत होता. डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे बोट, मग गिटारीकडे बोट, मग स्वतःभोवती गिरकी. शेजारचे त्याच्यापासून लांब सरकले. खर्जबाईला मात्र कळलं. गिटारीच्या पोटात तारेची वेटोळी असतात. ती आजूबाजूच्या विजेचं बोलणं पकडतात, पण तोंड कुठे आहे त्यावर ते ठरतं. ती हळूहळू वळत गेली. भिंतीकडे चिर्र. खिडकीकडे चिर्र, जरा कमी. दाराकडे तोंड केलं, आणि काहीच नाही.

ती दाराकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे भोंग्याकडे पाठ करून, आणि संपूर्ण कार्यक्रम तिनं तसाच वाजवला. भोंग्याच्या त्या लाडक्या शांततेची जागा आली. तो थांबला. कँटीन थांबलं. तारांवर ठेवलेली बोटं तिनं उचलली. खोक्यातून काही, काहीही आलं नाही. मग तिनं सगळ्यात जाड तार छेडली. खर्ज खालून, फरशीतून उठला आणि खुर्च्यांच्या पायांतून वर चढला. मागच्या रांगेतल्या प्रेसवाल्या गायला लागल्या, आणि नुसते ओठ हलवणारी त्यांच्यात एकही नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर भोंगा घाम पुसत आला. “वाजवलं झकास. पण बाई, पाठ का फिरवलीत माझ्याकडे? लोक काय म्हणतील?”

“काय करू,” खर्जबाई गिटार पुसत म्हणाली, “तुमच्याकडे तोंड केलं की गुरगुरते.”

नणंद एवढ्या मोठ्यानं हसली की भोंग्यालाही हसावं लागलं. पुढच्या तालमीला त्यानं स्वतः खडूनं फरशीवर बाईची जागा आखली. आपल्या शेजारी, दाराच्या दिशेनं बाण काढून.

तर वाचणाऱ्या ताई, दादा, आता एक काम माझं ऐका. तुमच्या घरात, कारखान्यात, कँटीनमध्ये एखाद्या यंत्राला हात लावताना जराशी झिणझिण होत असेल, तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नका. आधी त्याचं बटण बंद करा, आणि स्वतः स्क्रू खोलत बसू नका. जाणता वायरमन बोलवा, त्याला बोर्ड उघडायला लावा, आणि त्या वरच्या मोठ्या भोकामागे खरंच तार आहे का, ती खरंच जमिनीपर्यंत पोचते का, ते तपासून घ्या. नसेल, तर ज्याची भिंत त्याच्या दारात जाऊन उभे राहा. आजच जा.